निष्ठा की नाइलाज?

(वडाळा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एकाच कंपनीची यंत्रे वर्षानुवर्षे घेणाऱ्या ग्राहकाला ती कंपनी सोडावी की न सोडावी असा प्रश्न पडला, तर त्याने कोणत्या रीतीने विचार करावा, हा आजचा विषय आहे. भाववाढ, बेकारी, गिरण्यांच्या जमिनी, बेस्टची दुरवस्था हे प्रश्न समोर उभे असताना मध्यमवर्गाचा हा लाडावलेला प्रश्न अभ्यासवर्गात कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य नाही. मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. घरोघर जेवण पोचविणारा तरुण, टॅक्सीचालक, घरी शिवणकाम करून व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइके मिळविणारी भगिनी, या सर्वांची रोजी आज या यंत्रावर चालते. मग ते किती वर्षे चालावे हे कोण ठरविणार, बिघडल्यास ते उघडण्याचा अधिकार कोणाला, आणि त्यात साठविलेले आपले लिखाण, हिशेब, छायाचित्रे कोणाच्या ताब्यात, हे प्रश्न मालमत्तेचे आणि सत्तेचे आहेत. म्हणूनच ते आपले आहेत.

एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करतो. एखाद्या कंपनीच्या मालावर ग्राहकाने निष्ठा ठेवणे हा काही मूर्खपणा नव्हे. बाजारात शेकडो प्रकारचा माल असतो. प्रत्येकाची पारख करावयास सामान्य माणसाजवळ वेळ नसतो आणि साधनेही नसतात. एकदा अनुभव चांगला आला की तो पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच वर्तन आहे. माझ्या पिढीतील लोकांना आठवेल, की घरात एचएमटीचे घड्याळ आणि मर्फीचा रेडिओ असला म्हणजे त्या नावांविषयी कुटुंबात एक जिव्हाळा असे. पण त्या जिव्हाळ्याचे एक वैशिष्ट्य होते. घड्याळ बंद पडले तर कोपऱ्यावरचा कोणताही घड्याळजी ते उघडू शके. आकाशवाणीचे मुंबई केंद्र मर्फीवर जसे ऐकू येई, तसेच बुशवर आणि फिलिप्सवरही ऐकू येई. मर्फी सोडून बुश घेणाऱ्याला नव्या रेडिओची किंमत तेवढी मोजावी लागे. त्याची आवडती गाणी मर्फीच्या कोठारात अडकून पडत नसत. सोडून जाण्याची मोकळीक असतानाही ग्राहक टिकून राही, म्हणून त्याला निष्ठा हा शब्द शोभत होता.

आजची स्थिती समजावी म्हणून माझेच उदाहरण देतो. गेली पंधरा वर्षे मी मोबाइल आणि लॅपटॉप एकाच कंपनीचे वापरीत आलो. कंपनीचे नाव सांगत नाही. कारण येथे एका कंपनीची तक्रार करावयाची नसून एका पद्धतीचे स्वरूप मांडावयाचे आहे. काही महिन्यांपूर्वी मोबाइलची बॅटरी निकामी झाली. अधिकृत सेवाकेंद्रात सांगण्यात आले, की हा नमुना आता जुन्यांच्या यादीत गेला असून त्याचा सुटा भाग मिळणार नाही. नवा मोबाइल घ्यावा, जुन्याचे थोडे पैसे वळते करून देऊ. पुढे दादरच्या एका कारागिराने अर्ध्या तासात नवी बॅटरी बसवून दिली आणि मोबाइल उत्तम चालू लागला. मात्र हा भाग कंपनीने ओळखलेला नाही, अशी सूचना त्याच्या पडद्यावर तेव्हापासून येत असते. यंत्र माझे, पैसे माझे, काम चोख. तरी दुरुस्तीला मान्यता देण्याचा हक्क विकणाऱ्याने स्वतःपाशीच ठेवलेला आहे.

तेव्हा कंपनी बदलावी असे मनात आले आणि मी रीतसर हिशेब कागदावर मांडला. नव्या मोबाइलची किंमत ही त्यातील एक रक्कम झाली. दहा वर्षांची छायाचित्रे कंपनीच्या कोठारात असून त्याचे दरमहा भाडे भरावे लागते. ती तेथून हलविणे हे कित्येक दिवसांचे काम आहे. पैसे देऊन घेतलेली ॲप दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाहीत. व्याख्यानांची टिपणे कंपनीच्या स्वतःच्या साच्यात जतन झालेली आहेत. मनगटावरचे घड्याळ, कानातले यंत्र, चार्जर, सारे त्याच कुळातले. हा सगळा खर्च, त्रास आणि नव्याने शिकावे लागणे यांना मिळून अर्थशास्त्रात बदलाची किंमत म्हणतात. ती जितकी मोठी, तितकी ग्राहकाला संतुष्ट ठेवण्याची कंपनीची गरज कमी. तेव्हा वरून जी निष्ठा दिसते, तिच्यात खरी पसंती किती आणि या किमतीचा धाक किती, हे वेगळे केल्याखेरीज आपला विचार पुढे जाऊ शकत नाही.

गिरणगावाला ही गोष्ट नवीन नाही. गिरणी कामगार वर्षानुवर्षे एकाच वाण्याकडून किराणा भरी, तो काही वाण्यावरील प्रेमाखातर नव्हे. त्याचे उधारीचे खाते त्या वाण्याच्या वहीत असे. दुसऱ्या दुकानात जावयाचे तर आधी जुने खाते चुकते करावयास हवे, आणि तेवढी रोकड पगाराच्या दिवशीही हाती उरत नसे. भाव चढा असो की माप मारलेले असो, पाय त्याच दुकानाकडे वळत. कामगारांनी अधिक भला वाणी शोधीत हिंडावे, एवढ्याने हा प्रश्न सुटणारा नव्हता. १९४८ साली येथून जवळच, नायगावात, कामगारांच्या सहकारी ग्राहक संस्थेतून अपना बाजार उभा राहिला, त्यामागची जाणीव हीच होती.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे १९७० साली प्रसिद्ध झालेले एक छोटे पुस्तक या संदर्भात फार उपयोगी आहे. संस्थेचा किंवा मालाचा दर्जा घसरू लागला की माणसापुढे दोन मार्ग असतात, असे तो म्हणतो: सोडून जाणे आणि आवाज उठविणे. निष्ठा या दोहोंच्या मध्ये उभी असते. ती सोडून जाणे लांबणीवर टाकते आणि आवाज उठविण्यास अवसर देते. बाजारवादी मंडळी सगळा भर सोडून जाण्यावर देतात. ग्राहक निघून गेला की विक्रेता आपोआप सुधारेल, असा त्यांचा विश्वास. हर्शमनने याच्या उलट जाणारे नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण दिले आहे. मालमोटारींची स्पर्धा आली तेव्हा जे ग्राहक सर्वांत जागरूक होते, ज्यांनी ओरड करून रेल्वेला वठणीवर आणले असते, तेच आधी मालमोटारींकडे गेले. सरकारी तिजोरीचा आधार असल्याने त्यांच्या जाण्याचे रेल्वेला फारसे दुःख झाले नाही. मागे राहिले ते मुकाट्याने सोसणारे. आपल्या शहरात ऐपत असलेली कुटुंबे महापालिकेच्या शाळांतून बाहेर पडली, तेव्हा त्या शाळांसाठी भांडणारा आवाजही त्यांच्याबरोबर बाहेर गेला, हे आपण पाहिलेले आहे.

यंत्रांच्या बड्या कंपन्यांची खुबी अशी, की त्यांनी हे दोन्ही मार्ग एकदम अरुंद केले आहेत. सोडून जावे तर बदलाची किंमत आडवी येते. आवाज उठवावा तर तो ऐकावयास समोर माणूस नसतो. ठरावीक उत्तरे देणारे यंत्र असते.

हे तंत्र आजचे नव्हे. आयबीएम या अमेरिकन कंपनीचा इतिहास पाहा. ती आपली गणनयंत्रे विकीत नसे, भाड्याने देई. आणि त्यांत घालावयाची छिद्रपत्रेही आपलीच वापरली पाहिजेत, अशी अट घाली. १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट बेकायदा ठरविली. १९५६ साली सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार तिला यंत्रे विक्रीसही ठेवावी लागली आणि बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग द्यावे लागले. भांडवलशाहीच्या माहेरघरातही ग्राहकाची सुटका बाजाराने आपण होऊन केलेली नाही. ती कायद्याला करावी लागली.

आपल्या देशातील आयबीएमची कथा कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांनी भारतातील भागभांडवलातील आपला वाटा ४० टक्क्यांवर आणावा, असा आग्रह जनता सरकारने धरला. उद्योगमंत्री होते याच शहरात टॅक्सीचालकांच्या आणि महापालिका कामगारांच्या संघटना बांधणारे जॉर्ज फर्नांडिस. आयबीएमने ते मानले नाही आणि १९७८ साली ती देशाबाहेर गेली. एवढा भाग आपण अभिमानाने सांगतो. पण महत्त्वाचा भाग पुढचा आहे. कंपनी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिची यंत्रे कोण सांभाळणार? ते काम सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतले, आणि ती कंपनी त्यापूर्वीच स्थापन झालेली होती. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यात रेल्वेची संगणकीय आरक्षणपद्धतीही तिनेच उभारली. म्हणजे नकार देण्याची ताकद आली ती दुरुस्तीची क्षमता देशात उभी केल्यामुळे. आणि कथेचा उत्तरार्धही विसरू नये. १९९२ साली आयबीएम टाटांच्या भागीदारीत परत आली. २००१ साली सरकारने सीएमसीचे ५१ टक्के भाग टाटांना विकले. कंपनी घालविण्यापेक्षा आपली क्षमता टिकविणे अधिक कठीण असते.

आता अलीकडची घटना घेऊ. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवे प्रोसेसर लागतात. ते नसलेले असंख्य चालू संगणक कंपनीच्या लेखी निकामी ठरले. यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ साली केला होता. कंपनीने एका वर्षाची सुरक्षा-मुदतवाढ देऊ केली, तीही काही अटींवर किंवा ३० डॉलर घेऊन. युरोपातील ग्राहक संघटनांनी हरकत घेतली, तेव्हा तेथील घरगुती ग्राहकांना ती मोफत द्यावी लागली आणि अटी सैल कराव्या लागल्या. माल तोच आणि कंपनीही तीच. युरोपात ग्राहकांचा आवाज संघटित होता आणि त्याच्या पाठीशी कायदा होता, एवढाच काय तो फरक.

आतापर्यंत मी एकेकट्या ग्राहकाविषयी बोललो. परंतु सार्वजनिक संस्था हीही ग्राहकच असते, आणि ती एकाच विक्रेत्याशी बांधली गेली तर त्याची किंमत सर्व नागरिक देतात. याचा दाखला शोधण्यास वडाळ्याबाहेर जावयास नको.

फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा अशी मोनोरेल सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. गाड्या मलेशियातील स्कोमी कंपनीच्या. मोनोरेलची तुळई आणि तिला धरून धावणारी गाडी एकमेकींसाठीच घडविलेली असतात. दुसऱ्या कोणाची तयार गाडी आणून तीवर चालविता येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकात एका गाडीला आग लागली आणि सेवा सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये एमएमआरडीएने लार्सन अँड टुब्रो आणि स्कोमी यांचे कंत्राट रद्द करून कारभार आपल्याकडे घेतला. त्यानंतर सुट्या भागांची अशी टंचाई झाली, की मोजक्या गाड्यांवर सेवा रेटावी लागली. अखेर हैदराबादच्या मेधा कंपनीकडून या तुळईसाठी नव्या गाड्या मुद्दाम घडवून घ्याव्या लागल्या. १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात क्षमतेपेक्षा अधिक भरलेली गाडी म्हैसूर कॉलनीजवळ मध्येच अडकली आणि पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने खाली उतरविले. २० सप्टेंबर २०२५ पासून सेवा थांबवून यंत्रणेची सुधारणा हाती घेण्यात आली. सगळा दोष एका कंपनीचा किंवा एकाच कारणाचा आहे, असे मी म्हणत नाही. नियोजन, गर्दीचा अंदाज, देखभाल याही बाजू आहेत. माझा मुद्दा एवढाच, की विकणारा दूर झाला तेव्हा घेणाऱ्याच्या हाती तयार पर्याय उरलेला नव्हता.

याच वडाळ्यातून हार्बर मार्ग जातो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. त्या वेळच्या गाड्या परदेशातून आलेल्या होत्या. पुढे कलकत्त्याच्या जेसॉपने गाड्या बांधल्या, मद्रासच्या पेरांबूर कारखान्याने बांधल्या. विजेची यंत्रसामग्रीही वेगवेगळ्या कंपन्यांची आली. २०१६ साली तर वीजसुद्धा बदलली. १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. शंभर वर्षांत राज्य बदलले, पुरवठादार बदलले, वीज बदलली. दोन रुळांमधील अंतर मात्र १,६७६ मिलिमीटरच राहिले. हे माप कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. ते पाळील त्याची गाडी या मार्गावर धावू शकते, आणि म्हणून एखादी कंपनी रुसली किंवा बुडाली तरी वडाळ्याच्या माणसाची सकाळची गाडी बंद पडत नाही.

तेव्हा ग्राहकापुढील खरा प्रश्न ही कंपनी की ती कंपनी, असा नाही. आपण जे घेतो ते कोणाच्या मापावर घडविले आहे, हा खरा प्रश्न आहे. माप समाईक असेल तर खुशाल एकाच कंपनीचा माल जन्मभर घ्यावा. ती निष्ठा आपल्या मर्जीची राहील. माप कंपनीच्या खाजगी मालकीचे असेल तर एक कंपनी सोडून दुसरीकडे जाणे म्हणजे जुन्या वाण्याचे खाते फेडून नव्या वाण्याकडे उघडणे होय.

यावर कंपन्यांचे म्हणणे असे, की सर्व भाग एका हाती असल्यानेच यंत्र सुरक्षित आणि सुबक होते. सक्तीने समाईक माप लादले तर नवनिर्मितीला खीळ बसेल. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. एका विचाराने घडविलेली वस्तू अनेकदा अधिक चांगली असते आणि सुरक्षिततेची काळजीही खोटी नव्हे. परंतु सुरक्षिततेचे निकष कायद्याने ठरविता येतात. मोटारीचे ब्रेकही जिवाशी संबंधित असतात, म्हणून ते दुरुस्त करावयास आपण गॅरेजवाल्याला बंदी केलेली नाही. युरोपीय संघाने २०२२ साली कायदा करून मोबाइलना एकच समाईक चार्जर सक्तीचा केला. नवनिर्मितीला बाधा येईल असे सांगून ॲपलने त्या कल्पनेला विरोध केला होता. २०२३ च्या आयफोनपासून तिनेही टाइप-सी पिन स्वीकारली. त्यामुळे नवे मोबाइल निघावयाचे थांबले नाहीत.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय झाली. त्यापूर्वी नंबर हाच ग्राहकाच्या पायातला खोडा होता. नियामकाच्या एका आदेशाने तो निघाला. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे कोणत्याही ॲपमधून कोणत्याही बँकेत पैसे पाठविता येतात. मात्र यूपीआयचे बहुसंख्य व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच कंपन्यांमार्फत होऊ लागले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. समाईक माप आवश्यक आहे, पण तेवढ्याने मक्तेदारी मोडत नाही. जागता पहारा ठेवावाच लागतो.

आता कृतीविषयी. मी स्वतः जुना मोबाइल आणि लॅपटॉप चालतील तोवर वापरावयाचे ठरविले आहे. दरम्यान टिपणे कोणत्याही यंत्रावर वाचता येतील अशा साच्यात उतरवून घेतली आणि छायाचित्रांची एक प्रत स्वतःच्या घरी आणली. पुढची खरेदी करताना मी तीन गोष्टी विचारीन: साध्या कारागिराला हे उघडता येते काय आणि सुटे भाग विकत मिळतात काय, माझी माहिती दुसरीकडे नेता येते काय, आणि सुरक्षेची सुधारणा किती वर्षे मिळणार हे लेखी आहे काय. ज्यांचे जुने संगणक नव्या प्रणालीने नाकारले, त्यांना लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचा मार्ग खुला आहे. केरळातील सरकारी शाळा अशाच मुक्त प्रणालींवर चालतात, तेव्हा ती काही तज्ज्ञांचीच मिरास राहिलेली नाही.

परंतु एकट्याच्या शहाणपणाला मर्यादा असते. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली भाववाढीविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांनी एकेका दुकानदाराशी घासाघीस केली नाही; सरकारला जाब विचारला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून एकत्र खरेदी करावयास शिकविले. या परंपरेला आता यंत्रांच्या क्षेत्रात काम आहे. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक संकेतस्थळ सुरू केले. २०२५ साली दुसऱ्या एका समितीने वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे हे दर्शविणाऱ्या निर्देशांकाचा आराखडा सादर केला. फ्रान्सने असा निर्देशांक २०२१ पासून सक्तीचा केला आहे. संकेतस्थळ म्हणजे कायद्याने मिळालेला हक्क नव्हे, हे सांगत राहणे आपले काम आहे. त्याचबरोबर, सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर त्याचे आराखडे, सुट्या भागांची हमी आणि दुसऱ्याकडून देखभाल करून घेण्याची मुभा आलीच पाहिजे, ही मागणी आपण महापालिकेपासून एमएमआरडीएपर्यंत सर्वत्र लावून धरली पाहिजे.

त्याची सुरुवात लहान करू. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या विभागातील एखादी शाळा, दवाखाना किंवा ग्रंथालय निवडावे. तेथील संगणक कोणत्या अटींवर घेतले, दुरुस्तीचा हक्क कोणाकडे आहे आणि कंत्राट संपल्यावर आतील माहितीचे काय होणार, याची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागवावीत. पुढची चर्चा ती कागदपत्रे समोर ठेवून करू.